अर्धा चमचा लाल

माझा काका फर्निचरला पॉलिश करतो आणि त्याला लाल रंग दिसत नाही. हे गुपित तिघांनाच माहीत आहे: त्याला, काकूला आणि मला. तीस वर्षं रंगाची पूड काकूच कालवते, आणि गिऱ्हाइकासमोर काका डोळे बारीक करून "शेड जमली" म्हणतो. नाटकी माणूस.

त्यामुळे वकीलबाईंचं कपाट त्यानं ऐटीत दाखवलं, तेव्हा बाई म्हणाल्या, "हे कपाट आहे की आगीचा बंब?"

काका तणतणत घरी आला. काकूचा उजवा डोळा लहानपणापासूनच अधू, सगळा कारभार डाव्यावर. तेव्हा कळलं, की तो डावा आठवडाभर ठणकत होता आणि त्याला लाल फिकं दिसत होतं. म्हणून ती पूड टाकतच गेली आणि बोलली मात्र नाही. महामूर्ख दोघंही.

तपासण्या झाल्या. डॉक्टरीणबाईंनी समजावलं, की शरीराची राखण करणाऱ्या पेशीच उलटल्यात आणि डोळ्यामागच्या नसेवरचं वेष्टण कुरतडतायत. औषधांनी त्यांना आवरायचं.

"आणि कुरतडलेला कचरा कोण काढतं?" काकानं विचारलं. जुना थर खरवडल्याशिवाय नवा हात मारायचा नाही, हा त्याचा एकुलता एक धर्म.

डॉक्टरीणबाई चमकल्या. म्हणाल्या, मेंदूत आणि ह्या नसेत कायम राहणाऱ्या काही पेशी असतात, त्या तो कचरा खाऊन टाकतात. जागा साफ झाली तर नवं वेष्टण चढायला वाव मिळतो. पण वयाबरोबर त्या मंदावतात, आणि कधीकधी स्वतःच भांडणात उतरून नुकसान वाढवतात.

"म्हणजे आमच्या कामगारांसारख्याच," काका म्हणाला. "सावकाश करा म्हणावं, पण कोपरे सोडू नका."

काकू हसली नाही. "डोळा परत आलाच नाही तर शेड कोण बघणार? तुम्ही?"

बाहेर जिन्यात काका मला म्हणाला, "भीती वाटतेय गं. धंद्याचं जाऊ दे, तिला दिसलं पाहिजे."

त्यानं फक्त बिनरंगी पॉलिशची कामं घेतली. वकीलबाईंचं कपाट दुकानात तसंच लालेलाल उभं राहिलं. दर रविवारी तो तीन लाकडी पट्ट्या रंगवायचा, दोन सारख्या आणि एकीत चमचाभर लाल जास्त. त्या पट्टीमागे पेन्सिलीची खूण, नाहीतर त्यालाच कळायचं नाही.

पहिल्या रविवारी काकू म्हणाली, "तिन्ही सारख्याच दिसतात."

"मलाही," काका म्हणाला. "छान जोडी जमली."

नवव्या रविवारी तिनं पट्ट्या खिडकीशी धरल्या. बराच वेळ बघत राहिली.

"मधलीत लाल जास्त आहे. अर्धा चमचा."

काकानं पट्टी उलटली. खूण होती. "मी अख्खा टाकलाय."

"मग अर्धाच डोळा परत आलाय."

काका खुर्चीत बसला आणि खुशाल रडला, माझ्यादेखत. काकूनं त्याला रडू दिलं. मग पट्टी त्याच्या मांडीवर ठेवत म्हणाली, "आता ते कपाट खरवडायला घ्या. कोपऱ्यांसकट."