शोभेची बोट

वार्निश वाळताना त्याला गोडसर, जरासा चढणारा वास येतो आणि सुताला लावलेल्या खळीचा वास असतो आंबूस. हे दोन वास एका छपराखाली नांदताना जगात आणखी कुठे सापडतील, असं मला वाटत नाही. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतल्या आमच्या शेडमध्ये ते वर्षानुवर्षं सुखाने नांदले. पुढच्या भागात टॉवेल विणणारे माग, मध्ये पत्र्याची आडभिंत आणि तिच्यामागे लाकडी घडवंचीवर बसलेली माझी बोट. मागांचा खडखडाट दिवसभर त्या पत्र्यातून तिच्या अंगावर येत असे, आणि ती मात्र नाक वर करून, समुद्राकडे तोंड करून असावं तशी, भिंतीकडे बघत बसलेली असे.

बोट, आणि सोलापुरात? हसलात ना? हसा. जिथे नळाला चार-चार दिवस पाणी येत नाही त्या गावात एका माणसाने समुद्रातल्या शर्यतीची बोट आणून ठेवली, याला सगळं गाव हसून झालेलं आहे. माझा थोरला भाऊ, ज्याला मी दादा म्हणतो आणि ज्याच्यासोबत ही शेड चालवतो, तो तर पहिल्याच दिवशी म्हणाला होता, ‘‘काय बे, हिला पाणी काय टँकरनं आणणार?’’ मी किनाऱ्यावरच्या एका बोटींच्या कारखान्यात इंजिनं दुरुस्त करण्यात उमेदीची वर्षं घालवली. तो कारखाना बंद पडला तेव्हा ही बोट सरपणाला निघाली होती. सरपणाला! ज्या देहाने खवळलेल्या समुद्राला छातीने फाडलं, त्याने शेवटी कुणाच्या तरी बंबात जळायचं? माझ्याने ते बघवलं नाही. मी तिला ट्रेलरवर घालून घाट चढवून आणली.

अशी बोट म्हणजे काय, हे जरा समजून घ्या, म्हणजे माझा संताप समजेल. तलावात फिरवायच्या बोटीचा तळ बहुधा सपाट असतो. शांत पाण्यावर तो भन्नाट पळतो. पण लाटा उठल्या की पाण्यावर आपटतो, आणि प्रत्येक आपटीसरशी आतल्या माणसाची हाडं आणि इंजिनाचे बोल्ट दोन्ही ढिले होतात. माझ्या बोटीचा तळ तसा नाही. अर्धवट उघडलेलं पुस्तक कण्यावर उभं धरावं, तशा दोन्ही बाजू खाली उतरत एका धारेत मिळतात. ही धार लाटेला मारत नाही, चिरते. लाट दुभंगून दोन्ही अंगांनी निघून जाते आणि बोट पुढच्या लाटेवर अलगद उतरते. पातळ लाकडाचे तिरपे थर एकावर एक चिकटवून तिचं अंग घडवलेलं. ते धक्का बसला की किंचित लवतं आणि पुन्हा जागेवर येतं. तिची दोन डिझेल इंजिनं जड आहेत, संथ आहेत, धूर ओकतात. पण त्यांचा प्रत्येक नट हाताला लागतो, आणि भर समुद्रात एक रुसलंच तर दुसऱ्याच्या जिवावर किनारा गाठता येतो.

तिचे दोष मला ठाऊक नाहीत असं नाही. तेल पिते. वळायला वेळ घेते. नव्या साच्यातून निघालेल्या हलक्याफुल्क्या बोटींच्या पुढे पहिल्या तासात ती कुठेच नसते. पण दमाची शर्यत पहिल्या तासात ठरते का? एका बंदरातून निघायचं, संध्याकाळी दुसऱ्या बंदरात शिरायचं, सकाळी पुन्हा तोच खारा मार सोसायला बाहेर पडायचं, आणि असं कितीतरी दिवस! तिथे वेगाचा तोरा उतरतो. तिथे प्रश्न एवढाच उरतो की उद्या सकाळी इंजिन सुरू होईल का, आणि तळाला भेग गेली नाही ना. मला विचाराल तर अशा शर्यतीसाठी जुन्या बोटींहून योग्य दुसरं काही नाही. त्या घडवणाऱ्यांनी त्यांच्याकडून सौंदर्य मागितलंच नव्हतं. टिकाव मागितला होता, आणि सौंदर्य आपण होऊन आलं.

पण ‘क्लासिक’ नावाचा एक शब्द हल्ली निघाला आहे. तो ऐकला की माझं डोकं फिरतं! एखाद्या वस्तूला तो चिकटवला की तिचं काम संपलं असं लोक समजतात. मग तिच्याभोवती दोर बांधायचा, तिच्यावर दिवे सोडायचे आणि तिच्यापुढे उभं राहून फोटो काढायचे. आदर करायचा तो असा, की पुन्हा तिने हलता कामा नये. हा आदर आहे की शिक्षा?

तिला पहिल्यांदा उजनीच्या पाण्यात उतरवलं तेव्हा सुकाणूवर दादाची मुलगी अश्विनी होती. ही पोर लहानपणापासून आडभिंतीमागे माझ्याबरोबर पॉलिश-पेपर घासत मोठी झालेली. शिकून शाळेत गणित शिकवायला लागली तरी रविवारी हात काळे करायला यायचीच. त्या दिवशी वारा सुटला होता. धरणाच्या पाण्यावर बारीक, आखूड, चिडक्या लाटा उठल्या होत्या. अश्विनी पाय रोवून, गुडघे जरासे वाकवून उभी राहिली. ‘‘काका, वेग वाढवताना आधी सांगत जा की! नुसतं ढकलताय काय!’’ असं ती माझ्यावर ओरडली, आणि मग बोट चढली. चढली म्हणजे काय, हे कसं सांगू? इतकी वर्षं पत्र्याची भिंत बघत बसलेला तो देह पाण्यावर तरंगणं विसरून पळायला लागला. मी रडलो. अश्विनीने बघितलं आणि बघितलं नाही असं दाखवलं.

त्याच महिन्यात आम्ही किनाऱ्यावरच्या, जुन्या बोटींच्या एका अनेक दिवसांच्या शर्यतीत नाव दिलं. सुकाणू अश्विनीचं, इंजिनं माझी. मध्ये तिचं लग्न ठरलं आणि झालं; सासर वैरागजवळचं. बोलणी चालू असताना शर्यतीचा विषय निघाला तेव्हा तिचे सासरे हसून ‘‘बघू की’’ म्हणाले होते. ‘बघू की’ म्हणजे होकार, अशी माझी समजूत.

शर्यत जवळ आली होती. एका दुपारी मी गावात पाण्याच्या पंपाचा पाइप घ्यायला गेलो असताना नरसय्याचा फोन आला. नरसय्या आमचा मागांचा फिटर. घरी तेलुगू बोलणारा, मराठीही भरभर बोलणारा. तो रडवेल्या आवाजात एवढंच म्हणाला, ‘‘मालक, बोट गेलं! लवकर या, बोट गेलं!’’

मागांच्या शेडमध्ये या वाक्याचा अर्थ कुणालाही विचारावा लागत नाही. कुणाचं गेलं असेल? नव्याने कामाला लागलेल्या बाईचं? की नरसय्याचंच? गाडी कशी चालवली ते मला आठवत नाही. शेडमध्ये शिरलो तर माग बंद, सगळे उभे. मी ओरडलो, ‘‘हात दाखवा!’’ सगळ्यांनी गोंधळून हात पुढे केले. सगळी बोटं जागच्या जागी होती. तेव्हा नरसय्याने आडभिंतीकडे हात केला. तिच्यामागे रिकामी घडवंची होती.

त्याच्या तेलुगूत बाईला आणि वस्तूला क्रियापद एकच. ‘गेली’ आणि ‘गेलं’ यांतला फरक त्याच्या जिभेने कधी मानलाच नाही. सगळ्यांचे हात शाबूत आहेत याचा आनंद मला झाला, मनापासून झाला. पण त्या आनंदाच्या पाठोपाठ जो संताप उसळला, तसा माझ्या आयुष्यात कधी उसळलेला नाही.

दादा ऑफिसात चहा पीत होता. ‘‘व्याह्यांनी वैराग रोडला हाटेल काढलंय,’’ तो म्हणाला. ‘‘म्हणले, दारात कायतरी येगळं पायजे, लोकं थांबली पायजेत. लग्नात आपल्याकडनं मान द्यायचा राहिलाच होता. पोरीचा मान म्हणून दिली.’’

‘‘माझी बोट?’’

‘‘तुजी-माजी काय बे? शेड एकच हाय न्हवं? आन् ते शर्यतीचं खूळ गेलं म्हंजी पोरगीबी सासरी रमंल.’’

म्हणजे एका दगडात दोघींना बसवायचं होतं! एकीला चौथऱ्यावर आणि एकीला चुलीपुढे. मान! काय शब्द आहे हा! जो देतो त्याचं काही जात नाही, जो घेतो त्याला गरज नसते, आणि ज्याच्या नावाने तो दिला जातो त्याला कुणी विचारत नाही. मी दादाला बोलायचं ते सगळं बोललो. ते इथे लिहिण्यासारखं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळीच वैरागला पोचलो. हॉटेलच्या दारात निळ्या फरश्यांचा चौथरा, चारी बाजूंनी दिव्यांच्या माळा, आणि त्यावर ती. काहीतरी चुकत होतं. ती फार नीट बसली होती. घडवंचीशिवाय, टेकूशिवाय, ताटासारखी सपाट! मी खाली वाकलो. धार नव्हती. या टोकापासून त्या टोकापर्यंत कटर फिरवून तळ कापून टाकलेला होता.

‘‘या पावणं, या!’’ व्याही हात जोडत आले. ‘‘बगा की, कशी दिसाय लागलीय! रात्री लई तरास दिला बगा. ह्या कुशीवरनं त्या कुशीवर लवंडायची. मग मिस्त्री म्हणला, खालचं टोक काडूया. आता जरासुदिक हालत न्हाय.’’

त्या माणसाच्या चेहऱ्यावर निर्मळ कौतुक होतं. ज्या एका गोष्टीसाठी ती जन्माला आली, तीच त्यांनी अडचण म्हणून कापली, आणि ते तुकडे हॉटेलच्या चुलीपाशी रचून ठेवले. मी त्यांना काय सांगणार होतो? लाटेचं गणित?

तेवढ्यात चहा घेऊन अश्विनी आली. डोक्यावर पदर. तिला बोट आली हे ठाऊक होतं. कापली हे नव्हतं. तिने कपबशा कठड्यावर ठेवल्या आणि सरळ खाली बसून कापलेल्या कडेवरून हात शेवटपर्यंत फिरवला. मग उठून सासऱ्यांकडे वळली.

‘‘मामा, ही माझा मान म्हणून आली ना?’’

‘‘व्हय की पोरी, तुजाच मान.’’

‘‘मग माझ्या मानाचं काय करायचं ते मी सांगते. काका, ट्रेलर बोलवा.’’

‘‘आगं पर कापली की तिला!’’

‘‘लाकूडच आहे, मामा. जोडता येतं.’’ मग माझ्याकडे वळून, ‘‘येतं ना?’’

‘‘येतं,’’ मी म्हणालो. ‘‘पण यंदाची शर्यत गेली.’’

‘‘पुढच्या वर्षीची धरा. आणि सुकाणू माझंच. हे आत्ताच, सगळ्यांसमोर सांगते.’’

व्याही कधी तिच्याकडे, कधी चौथऱ्याकडे बघत राहिले. आपण दिलेला शब्द आपल्यालाच असा परत येईल, हे त्यांच्या ध्यानीमनी नसावं. शेवटी त्यांनी मिस्त्रीला हाक मारली आणि दिव्यांच्या माळा काढायला सांगितलं.

बोट परत आली आहे, पालथी घातली आहे, आणि रविवारी सासरहून एसटीने येणाऱ्या अश्विनीबरोबर मी नवा तळ थराथराने चढवतो आहे. दादाशी मी अजून बोलत नाही. लोक समजावतात, झालं गेलं विसरा म्हणतात. का विसरू? एका दिवसात भडकून विझून जाणारा राग मला नकोच आहे. काम वर्षभराचं आहे, आणि राग तेवढा पुरवायचा आहे.