वाली-सुग्रीवाचा एक फोटो

खोडाळ्याच्या बाजारात पंढरीचा फोटोचा गाळा आहे. गाळा कसला, एक पडदा, एक स्टूल आणि भिंतीवर नवरा-नवरींचे नमुने. पण आसपासच्या पाड्यांवर लग्न निघालं की पहिली हाक पंढरीलाच. काम चोख. माणूस मात्र महा चिकित्सक! नवरदेवाची मुंडावळी जराशी तिरकी असली तरी अख्खं वऱ्हाड उन्हात उभं ठेवील, पण बटण दाबणार नाही. लोक वैतागायचे, मग फोटो बघून गप्प बसायचे.

या पंढरीला स्वतःचा एकच फोटो हवा होता, बापाबरोबरचा. त्यांच्या पाड्यावर दर वर्षी बोहाडा होतो. देवांचे, राक्षसांचे मुखवटे बांधून माणसं संबळाच्या तालावर नाचतात, आणि कुणी कुठलं सोंग घ्यायचं ते घराण्यावर ठरलेलं असतं. पंढरीच्या घराकडे वाली-सुग्रीवाचा मान. बाप नवशा वाली, आणि मिसरूड फुटल्यापासून पंढरी सुग्रीव. दोघं समोरासमोर ठाकले की बाया पोरांना मागे ओढायच्या. बाकी सगळ्या सोंगांचे फोटो पंढरीने काढलेले. या जोडीचा तेवढा नव्हता. काढणार कोण? फोटोवालाच मुखवट्यात! एकदा चुलतभाऊ जिवाच्या हाती मोबाइल दिला, तर त्या बाबाने सुग्रीवाचे पाय आणि संबळवाल्याची पाठ काढून आणली. पंढरीने त्याला जे ऐकवलं ते इथं सांगण्यासारखं नाही.

तेव्हापासून डोक्यात बसलं ते रिमोटच्या कॅमेऱ्याचं. कॅमेरा एवढासा हवा, मांडवाच्या खांबाला बांधता यावा, आणि बटण आपल्या मुठीत. जव्हारला अब्दुलभाईंच्या दुकानात त्याने तीन कॅमेरे काउंटरवर मांडून घेतले. एकाचा रिमोट कॅमेऱ्याच्या तोंडासमोर धरला तरच चालायचा. "मी गिरकी घेणार भाई. त्याला काय सांगू, थांब जरा म्हणून?" दुसऱ्याचं बटण म्हणजे मोबाइलच. हातात गदा, मग मोबाइल धरायचा कुठं? तिसरा सगळ्यात बरा. पण बटण दाबल्यावर क्षणभर विचार करून मग फोटो घ्यायचा.

"पंढरीभाऊ, लोक पोरगी बघायला जातात ना, तेपण एवढं बघत नाहीत," अब्दुलभाई हसून म्हणाले. "घेऊन जा हा तिसरा. चालेल."

"चालेल म्हणजे? चालवूनच घ्यायचं असतं तर आमचा जिवा काय वाईट होता?"

आणि गडी रिकाम्या हाताने परत आला. त्या वर्षी नवशा असा काही नाचला की म्हातारी माणसं अजून सांगतात. फोटो? नाही!

सोंग उतरल्यावर नवशा ओट्यावर घाम पुसत बसला होता. म्हणाला, "काढ की असाच. तू नि मी."

"असा कशाला, बा? सोंगातला पाहिजे. पुढच्या वर्षी बघ."

"बरं," नवशा म्हणाला. त्याचा स्वभावच तसा, दुसऱ्यांदा म्हणायचा नाही. अरे, दोन मिनिटांचं काम होतं! मोठा कॅमेरा गळ्यातच होता पंढरीच्या.

पुढच्या वर्षी मनासारखा कॅमेरा मिळाला. मुठीत मावेल एवढा, रिमोट सुपारीएवढा, कुठूनही दाबा, लगेच फोटो. सोंगांच्या दिवशी सकाळी पंढरीने तो खांबाला बांधला आणि वाली-सुग्रीव जिथं भिडतात तिथंच त्याची नजर, म्हणजे फोकस, पक्की करून ठेवली. नवशा बाजूला उभा राहून बघत होता. थंडीपासून त्याचा खोकला हटत नव्हता.

आता बोहाड्याची एक रीत आहे. मुखवटा बांधला की माणूस माणूस राहत नाही. सोंग उतरेपर्यंत त्याच्याशी कुणी बोलायचं नाही, त्यानेही बोलायचं नाही. सुग्रीव आधी निघतो, त्यामुळे पंढरीचा मुखवटा आधी बांधला. मागून वाली आला. मुखवट्याच्या भोकांतून दिसतं ते किती? आणि खरं सांगायचं तर पंढरीचं लक्ष वालीकडे नव्हतंच, ते मुठीतल्या बटणावर होतं. भिडले, गदा वर गेल्या, आणि त्याने बटण दाबलं.

नंतर सोंगांच्या खोपीत नवशा वालीचा मुखवटा मांडीवर घेऊन पुसत बसला होता. पंढरीने कॅमेरा त्याच्या नाकासमोर धरला. "बा, बघ! आला एकदाचा!"

नवशाने बराच वेळ बघितलं. "झकास आलाय," म्हणाला. "नीट ठेव."

पावसाळ्यात नवशा गेला. दिवसकार्याला ठेवायला फोटो पाहिजे. आधार कार्डावरचा होता, पण त्यात तो पोलिसांनी धरून आणल्यासारखा दिसायचा. पंढरीने बोहाड्याचा फोटो घेतला, दोन्ही बाजूंची गर्दी कापली, मोठा करून चौकटीत बसवला आणि आईपुढे ठेवला.

धोंडीबाईने पदराने काच पुसली. "चांगला हाय. पण ह्यात तुझा बा कुठं हाय?"

"आये, हा काय वाली!"

"तो जिवा हाय रे." तिने चौकट खाली ठेवली. "तुला बांधून बाहेर काढला नि तुझ्या बाला खोकल्याची उबळ आली. उभा राहवेना. मग जिवाला बांधला. तुला सांगणार कसं, तू सोंगात. मागून मला म्हणाला, पोरगा खूश हाय, बोलू नको. जिवालापण शपथ घातली."

पंढरी उठला आणि कॅमेऱ्यातला मूळ फोटो लॅपटॉपवर उघडला. कापून टाकलेल्या कडेला बायांची रांग होती, तिच्या टोकाला आई, आणि आईशेजारी जमिनीवर बसलेला नवशा. सगळी गर्दी सोंगांकडे बघत होती. नवशा एकटा खांबाकडे, नेमका कॅमेऱ्याकडे तोंड करून बसला होता. पंढरीने फोटो वाढवला, आणखी वाढवला. पण कॅमेऱ्याची नजर त्यानेच मुखवट्यांवर पक्की केलेली. बापाचे डोळे कुठले, ओठ कुठले, काही उमगेना. नुसता एक करडा डाग, वर पांढरं मुंडासं.

धोंडीबाई मागून वाकून बघत होती. "तेव्हा खोकलत नव्हता बघ," ती म्हणाली. "फोटो हलेल म्हणून दाबून धरला होता."