दहा हजार सात टाइल्सची भिंत

टाइल्स बसवणाऱ्या मावशीला आकड्यांचं भारी वेड. शाळा सातवीतच सुटली, पण मूळ संख्यांनी तिच्या डोक्यात घर केलं ते कायमचं. गाडीचा नंबर दिसो की पार्सलवरचा, ती लगेच फोडायला घ्यायची. भाग गेला तर तो आकडा गरीब, कशानेच गेला नाही तर हट्टी. नवरा वैतागून म्हणायचा, "अगं, आकडे काय खायला घालणार आहेत का?"

वीस वर्षं तिने दुसऱ्यांच्या हाताखाली गुडघे झिजवले. परवा कुठे ठेकेदाराने तिला मुकादम केलं, तेही नाक मुरडतच. पहिलंच काम पोहण्याच्या तलावाची लांबलचक भिंत. सगळ्या अख्ख्या निळ्या टाइल्स, एकही कापायची नाही. इंजिनिअर साहेबांनी मागणीचा कागद आणला. १०,००७ टाइल्स, आणि खाली मुकादमाची सही. सगळा माल एकाच वेळी भट्टीत भाजून येणार. कमी पडला तर तीच छटा पुन्हा मिळणं मुश्कील, आणि खापर फुटणार सही करणाऱ्याच्या डोक्यावर.

मावशी कागदाकडे बघतच राहिली.

"साहेब, हा आकडा चुकलाय. हट्टी दिसतोय."

"मावशी, आकडे कधी हट्टी असतात का?" साहेब हसले. ठेकेदार मात्र हसला नाही. "नसेल जमत तर आत्ताच सांग," तो म्हणाला.

जेवणाच्या सुट्टीत डबा न उघडता तिने खोक्याचा पुठ्ठा फाडला आणि पेन्सिल घेऊन बसली. अंकांची बेरीज आठ, म्हणजे तीनने जात नाही. सातने बाकी चार, अकराने आठ, तेराने दहा. सत्त्याण्णवपर्यंतच्या पंचवीसही मूळ संख्या तिने लावून पाहिल्या. कशानेच भाग जाईना. एक जरी भागाकार चुकला तर मुकादमकी गेलीच! तिने सगळे पुन्हा केले.

"भिंत म्हणजे ओळी गुणिले एका ओळीतल्या टाइल्स," तिने पुठ्ठा साहेबांपुढे धरला. "दोन्ही शंभराच्या वर असते तर आकडा दहा हजार दोनशेच्याही पुढे गेला असता. म्हणजे एक तरी शंभराच्या आत हवा. पण तिथल्या कशानेच भाग जात नाही. मूळ संख्या आहे ही, साहेब. हिची एकच लांब ओळ होईल, भिंत नाही. नकाशा उघडा."

साहेबांनी नकाशा उघडला. त्रेसष्ट ओळी, ओळीत एकशे एकोणसाठ. गुणाकार दहा हजार सतरा. कागदावर उतरवताना त्यांनीच एकाचं शून्य केलं होतं. ओशाळून त्यांनी आकडा सुधारला आणि कागद पुन्हा पुढे केला.

"थांबा," मावशी म्हणाली, आणि नवा आकडाही तिने फोडून पाहिला. तीनने गेला, सातने गेला, त्रेपन्ननेही गेला. मग तिने सही केली.

ठेकेदाराने घसा खाकरला आणि कामगारांकडे वळून ओरडला, "ऐका रे! मुकादमांना विचारल्याशिवाय एकही खोकं उतरवायचं नाही!"