मुळासकट दर्भ

दुर्गाघाटावर आमच्याकडे दर्भ आणणारा माणूस प्रत्येक उत्तर दोनदा देतो. "लाये हैं माई, लाये हैं."

सासऱ्यांच्या श्राद्धाला मुळासकट दर्भाच्या तीन जुड्या सांगितल्या होत्या. गुरुजी पाटावर बसलेले, आणि याने दोनच आणल्या.

"तीसरे में चुहिया ब्याई है माई, ब्याई है."

माळावरचा हा उंदीर जेमतेम अंगठ्याएवढा, पांढऱ्या पोटाचा. दर्भाच्या बुडाशी बीळ करतो, आत गवत कातरून अंथरतो. तोंडाशी ताजी भुसभुशीत माती दिसली की आत बिऱ्हाड आहे, हे या दर्भवाल्याला कळतं. मूळ उपटलं तर पिल्लं उघडी पडतात, म्हणून तो ठोंब सोडून पुढचा बघतो. त्या दिवशी पुढे पुराचं पाणी होतं.

मी घरातले उंदीर पिंजऱ्यात धरते. मला राग आला. "हमारे पुरखे भूखे रहें और तेरी चुहिया आराम करे? कल से दूसरे से लूँगी!"

त्याने मान खाली घातली. "पुरखे बड़े हैं माई, समझ जायेंगे."

हे तो एकदाच म्हणाला.

गुरुजींना मी दोन जुड्यांत भागवायला सांगितलं. दर्भ अजून त्याच्याकडूनच घेते.