गळून पडलेलं शिंग

२००६ साली इंग्लंडमधल्या ब्रॅकनेलच्या बाजारात एक म्हातारा इंग्रज टेबल मांडून बसायचा आणि हरणाच्या शिंगापासून वस्तऱ्याच्या मुठी बनवायचा. बाबांबरोबर मी दुभाषा म्हणून गेलो होतो. घरातला पहिलाच कॉलेजात गेलेला, त्यामुळे ते काम माझ्याकडेच असे. आजोबांच्या वस्तऱ्याची मूठ तुटली होती. बाबांना त्यानेच दाढी करायची सवय होती, पण ते माळकरी. मारलेल्या जनावराचं काही त्यांना चालत नसे.

म्हातारा बोलताना समोरच्याच्या तोंडाकडे बघायचा नाही, हातांकडे बघायचा. मध्येच शिंगावर कानस फिरवायचा आणि ओल्या अंगठ्याने पुसून पाहायचा.

"शिंग आपोआप गळतं म्हणतोय. दर वर्षी," मी बाबांना सांगितलं.

"बैलाचं गळतं का कधी? काळवीट पाहिलेत मी. येडा बनवतोय तुला."

हे इंग्रजीत कसं सांगावं, मला कळेना. पण म्हाताऱ्याला सूर समजला असावा. त्याने टेबलाखालून एक अखंड शिंग काढून बाबांच्या हातात दिलं. बुडाशी करवतीची खूण नव्हती, नुसता खडबडीत गोल होता.

"डोंगरात हिंडून वेचतो मी," तो म्हणाला. "जुनं पडतं, म्हणून तर नवं येतं."

बाबांनी बुडावरून बोट फिरवलं. "इंग्रजांचं हरीण असून सोडतंय म्हणजे नवलच."

"काय म्हणाले?" म्हाताऱ्याने विचारलं.

"हो म्हणाले."

भाषांतर बरोबर होतं की नाही, मला अजून सांगता येत नाही. बाबांनी खिशातून वस्तरा काढला. म्हाताऱ्याने तो दोन्ही हातांनी घेतला.