तिकिटाआधीची हिंसा दाखवून देणाऱ्या प्रमिलाताई

लखनौच्या निशातगंजमधल्या एका सभागृहात डॉ. प्रमिलाताई डोंगरे यांचे व्याख्यान होते. राजकीय पक्ष उमेदवार कसे निवडतात आणि त्या निवडीत स्त्रिया नेमक्या कुठे गळतात, हा विषय. मी तेव्हा एम.ए. करत होते. प्रश्नोत्तरांच्या वेळी उठून मी विचारले, "मॅडम, औरतें खुद ही टिकट नहीं माँगतीं, तो पार्टी क्या करे?" टाळ्या पडल्या. ताईंनी माझे नाव विचारले. मेश्राम हे आडनाव ऐकताच त्या सरळ मराठीत म्हणाल्या, "किती बायांना विचारलंस?"

"अभी तो किसी से नहीं."

"मग शनिवारी चल माझ्याबरोबर. विचारू या. आणि मराठीत विचारलं की मराठीत उत्तर द्यायचं."

पण शनिवारी मला घरून परवानगी मिळेना. बाबा सरकारी नोकरीत, भंडाऱ्याहून बदली होऊन लखनौला आलेले. राजकारणाच्या नावानेच त्यांच्या कपाळाला आठ्या पडत. हे कळल्यावर ताई स्वतः तेलीबागला आमच्या घरी आल्या. आईने केलेला झुणका त्यांनी मागून घेतला आणि बाबांना म्हणाल्या, "मुलगी माझ्या जबाबदारीवर. अंधार पडायच्या आत दाराशी आणून सोडेन." पुढची सगळी वर्षे त्यांनी हा शब्द पाळला.

पहिल्याच दौऱ्यात आम्ही एका कसब्यात सरोजदीदींना भेटलो. हे त्यांचे खरे नाव नव्हे. नगरपालिकेचे तिकीट त्यांनी मागितले होते, मिळाले नव्हते. ताई त्यांना प्रश्न विचारत आणि उत्तरे त्यांचे जेठ, म्हणजे थोरले दीर, देत. थोड्या वेळाने ताईंनी हसून विचारले, "भाईसाहब, टिकट आपने माँगा था या इन्होंने?" ते ओशाळून बाहेर गेले. मग सरोजदीदी बोलल्या. निवडून आल्यावर कारभार जेठ पाहतील, असे कबूल करा, तरच तिकीट, असे पक्षाच्या कार्यालयात त्यांना बजावले होते. त्यांनी नकार दिला. त्यानंतर मोटारसायकलवरच्या माणसांनी भर बाजारात वाट अडवून त्यांचा हात पिरगाळला आणि मुलीच्या कॉलेजचे नाव घेतले. त्यांनी तिकिटासाठीचा अर्ज मागे घेतला. पक्षाने मात्र सांगितले, इच्छुक महिला मिळाली नाही.

परतीच्या वाटेवर ताई म्हणाल्या, "आपण हिंसा शोधतो मतदानाच्या दिवशी. हिच्यापुरती निवडणूक त्याआधीच संपली होती गं." तिकीटवाटप आणि हिंसा हे दोन वेगळे विषय मानण्याची अभ्यासकांची सवय ताईंनी मोडली, ती या समजुतीतून.

या अभ्यासावरचे ताईंचे पुस्तक छापायला निघाले, तेव्हा त्याची कुणकुण लागून त्या पक्षाचे काही लोक ताईंच्या खोलीत आले. "मैडम, उस महिला का नाम बता दीजिए, हम न्याय करेंगे." ताईंनी सर्वांना पाणी दिले आणि म्हणाल्या, "न्याय करना है तो टिकट बाँटने का तरीका बदलिए. नाम नहीं मिलेगा." ते गेल्यावर ताईंनी सरोजदीदींचे प्रकरण पुस्तकातून काढले. नाव बदलले तरी गावात त्या ओळखू आल्या असत्या. पुस्तकाचा प्राणच गेला, म्हणून प्रकाशक हळहळले; मीही वाद घातला. ताई म्हणाल्या, "पुस्तक अर्धं राहिलं तर चालेल. तिला रोज त्याच गल्लीतून जायचंय."

पुढच्या निवडणुकीत सरोजदीदी अपक्ष उभ्या राहिल्या. तेवढ्या काळापुरता ताईंनी त्या कसब्यातला आपला अभ्यास थांबवला आणि अर्ज भरायला त्यांच्यासोबत गेल्या. "आज मी संशोधक नाही, मैत्रीण आहे," एवढेच मला सांगितले. दीदी हरल्या. पण निकालानंतर मुलीला घेऊन त्या ताईंच्या जानकीपुरमच्या घरी आल्या आणि म्हणाल्या, "अब लिखिए, मैडम. पूरा लिखिए."

ताईंनी लगेच होकार दिला नाही. मुलीकडे वळून त्यांनी विचारले, "बेटा, तुम क्या कहती हो?"

"माँ को मैं ही लाई हूँ."

ताईंचे डोळे भरून आलेले मी तेव्हाच काय ते पाहिले. ते प्रकरण दुसऱ्या आवृत्तीत आले. आज देशभरातले विद्यार्थी ते वाचतात; आणि ते काही काळ का छापले नव्हते, हे मी माझ्या विद्यार्थ्यांना आधी सांगते.

ताई रागावतातही. आकडा न तपासता लिहिला, तर मसुदा न वाचता परत येतो. पण माझ्या बाळंतपणात पीएच.डी.चा प्रबंध रखडला, तेव्हा त्याच ताई बाळाला मांडीवर घेऊन बसत आणि मला म्हणत, "तू लिही, हा माझ्याशी बोलतोय."

आता पंचाहत्तरीत त्यांनी नवा अभ्यास हाती घेतला आहे: हरलेल्या स्त्रिया पुन्हा उभ्या का राहतात? डॉक्टरांनी गुडघे जपायला सांगितले आहे. ताईंनी त्यावर जीपमधली पुढची सीट मागून घेतली आहे. त्या सीटवर बसून, खिडकीची काच खाली करून, पुढच्या गावाचा रस्ता विचारत त्या आम्हाला पुष्कळ वर्षे पळवोत. गुडघ्यांनी त्यांचे ऐकावे. आमचे तर त्या ऐकणारच नाहीत.