त्यांनी टेप सरकवू दिली नाही

माझ्या प्रशिक्षकांनी मला फसवलं. परदेशातल्या रिले शर्यतीत आमचा संघ बाद झाला तो त्यांच्या हुकमामुळे, आणि दोष त्यांनी माझ्या माथी मारला. इतकी वर्षं देशासाठी धावले, त्यातलं लोकांच्या लक्षात एवढंच उरलंय की मी आधी सुटले. मी आधी सुटले नव्हते.

रिले माहीत नसलेल्यांसाठी सांगते. चौघीजणी, प्रत्येकीने शंभर मीटर पळायचं आणि हातातली दांडी पुढचीला द्यायची. ही देवघेव ट्रॅकवर आखलेल्या टप्प्यातच व्हावी लागते. रेषेपलीकडे गेली की सगळा संघ बाद. पुढची मुलगी दांडी हातात पडेपर्यंत थांबून राहत नाही. ती आपल्या मागे थोड्या अंतरावर जमिनीला एक चिकटपट्टी लावते, तिला आम्ही टेपच म्हणायचो. मागून येणारीचा पाय टेपवर पडला की मान पुढे करायची आणि जीव खाऊन पळायचं. मागे बघायचं नाही. तिची हाक आली की फक्त हात मागे करायचा. टेप कुठे लावायची ते दोघींच्या वेगावरून ठरतं. जोडीदारीण जोरात येणारी असेल तर टेप लांब, हळू असेल तर जवळ. एकीसोबत महिनोन् महिने घाम गाळल्यावर ती जागा सापडते.

मी शेवटचा टप्पा पळायचे. सानगडीच्या तलावाच्या पाळीवर अनवाणी पळणारी पोर तिथवर पोचली, ती कुणाच्या मेहेरबानीवर नाही. शाळेचे सामने, जिल्हा, राज्य, मग राष्ट्रीय शिबिर, मग विमान. प्रत्येक पायरीवर भांडून घेतलं. शिबिरात मेसवाल्याकडून जास्तीचं अंडं, पळायचे खिळ्यांचे बूट, स्पाइक्स, फाटले तर त्यांच्या बदली नवे, पायाला मालिश करणाऱ्याची वेळ, सगळं घासाघीस करून मिळवलं. प्रशिक्षकांना ते खुपायचं. "ही पळायला आलीय की आठवडी बाजाराला?" असं ते सगळ्यांसमोर म्हणायचे. मुली हसायच्या, मीही हसायचे, आणि अंडं खायचे.

त्या दिवशी वॉर्मअप चालू असताना त्यांनी तिसरी मुलगी बदलली. माझी जोडीदारीण, जिच्यासोबत मी सगळं शिबिर काढलं, तिला बाकावर बसवलं आणि राखीव मुलीला आणलं. ती त्यांच्या स्वतःच्या अकादमीतली. एक आंतरराष्ट्रीय शर्यत तिच्या नावावर लागली की खेळाडूंच्या कोट्यातून नोकरी पक्की, हे अख्ख्या शिबिराला ठाऊक होतं. तेही मी गिळलं असतं. मी फक्त म्हणाले, "सर, मग मला टेप जवळ घ्यावी लागेल. ही तिच्याइतकी जोरात येत नाही."

"टेप आहे तिथेच राहील."

"एकदा हिच्यासोबत करून तरी बघते."

"वेळ नाही. आणि इथे घासाघीस चालणार नाही. टेप हलली तर तूही बाकावर बसशील."

टेप जवळ घेणं म्हणजे आपली मुलगी हळू आहे हे सगळ्यांदेखत कबूल करणं. ते त्यांना नको होतं.

मी टेप त्यांनी सांगितली तिथेच लावली. तिचा पाय टेपवर पडला आणि मी सुटले, जशी सुटायला हवी तशीच. हाक येईना. मी वेग कमी केला, आणखी कमी केला, शेवटी जे कधीच करायचं नसतं ते केलं, मागे वळून पाहिलं. बिचारी तोंड वासून धावत होती, दांडी पुढे धरून. ती माझ्या हातात आली तेव्हा रेषा मागे गेली होती. पंचाचा झेंडा वर.

बाहेर वार्ताहर उभे होते. प्रशिक्षकांनी माझ्यादेखत त्यांना सांगितलं, "शेवटची मुलगी आधी सुटली. खेड्यातली आहे, मोठ्या मैदानाचं दडपण आलं." मी तोंड उघडलं तर माझा दंड धरून म्हणाले, "आता गप्प बस. पुढच्या शिबिराला यायचंय ना?" पुढच्या शिबिराचं बोलावणं आलंच नाही.

दुसऱ्या कुठल्या गावात हे खोटं चार दिवसांत विरून गेलं असतं. कुणाला रिले कळते? पण आमच्याकडे शंकरपट आहे. बैलांच्या शर्यती बघत वाढलेली माणसं आम्ही. पटात इशारा व्हायच्या आधी बैल उधळला तर जोडी बाद, हे इथल्या शेंबड्या पोरालाही कळतं. त्यामुळे "आधी सुटली" हे दोन शब्द छापून आले आणि सगळ्या पंचक्रोशीला शर्यत समजली. टेपचं सांगायला गेले तर लोक माना डोलवायचे, डोळ्यांत मात्र बैल. माझे बाबा स्वतः पटात जोडी हाकायचे. मी घरी आले त्या संध्याकाळी जवळ बसून हळूच म्हणाले, "काहून सुटली वो बाई आधी?" मी सगळं समजावलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवला. "जाऊ दे. चांगला चांगला बैलबी बिचकते कधी कधी." त्यांच्या मायेचाही मला राग आला. अजून येतो.

मी रडत बसले नाही. तांदूळ आणि लाखोळीच्या डाळीचा व्यापार सुरू केला, डोक्यावर पाटी घेऊन सुरुवात केली. आज माझं गोदाम आहे आणि भावात मला कोणी बनवत नाही. पण बाजारात अजून एखादा म्हातारा ओरडतोच, "भाव आयकाच्या आधी सुटू नको वो बाई, बाद होशीन!"

"काका, मी नाही सुटली. तुमची डाळ सुटून राहिली पोत्यातून. आधी थे शिवा!"

लोक हसतात. मीही हसते. व्यापारात हसावं लागतं.

आता मला तलावाजवळच्या मोकळ्या जागेवर मुलींना शिकवायचं आहे. फुकट. त्यासाठी दारोदार फिरले. दिघोरीच्या एका बाईने चहा पाजला आणि डोळे चुकवत सांगितलं, "पाठवली असती वो ताई. पण पोरीचे बाबा म्हणतात, ते बाई आधी सुटते, मंग आपली पोरगीबी तेच शिकन." एकही मुलगी आली नाही.

म्हणून परवा प्रशिक्षक लाखांदूरला शाळेच्या क्रीडा मेळाव्यात प्रमुख पाहुणे म्हणून आले, तेव्हा मी गेले. मुख्याध्यापकांच्या खोलीत ते चहा घेत होते. मी म्हटलं, "सर, आज माइकवर एकच वाक्य बोला. टेप तुम्ही हलवू दिली नव्हती."

"अगं, एवढ्या वर्षांनी? त्यापेक्षा तुझा सत्कार करायला सांगतो. शाल, श्रीफळ."

"शाली माझ्याकडे ढीगभर आहेत."

"बरं, तुझ्या मैदानासाठी वर शब्द टाकतो. मुलींचे स्पाइक्स मिळवून देतो. मग तर झालं?"

आयुष्यभर सौदे केलेत. समोरचा एवढ्या लवकर चढत गेला की त्याला काय लपवायचंय ते कळतं. मी म्हटलं, "वाक्य."

"त्या मुलीचा संसार आहे, नोकरी आहे. तिला कशाला त्यात ओढतेस?"

माझी पुस्तकी भाषा तिथेच संपली. "तिले कोण ओढून राहिलं? तुम्ही पळ म्हटलं, थे पळली. मी तुमाले विचारून राहिली!"

ते उठले आणि मंचावर गेले. मी समोर लोकांत जाऊन बसले. पोरींनी भरलेल्या मैदानासमोर म्हणाले, "मुलींनो, घाई करू नका. तुमच्याच भागातल्या एका गुणी खेळाडूने घाई केली आणि पदक गेलं. ती आज इथे बसलीय. आम्ही तिला केव्हाच माफ केलंय." टाळ्या पडल्या. मी उभी राहून ओरडले, "सर, टेप कोणी हलवू दिली नाही, ते सांगा!" माना वळल्या. सूत्रसंचालकाने घाईघाईने माइक ओढला आणि सांगितलं, सर्वांनी राष्ट्रगीतासाठी उभं राहावं.

मी ताठ उभी राहिले. छातीवर देशाचं नाव घालून धावलेली बाई मी, त्या वेळी ओरडणार कशी? त्यांनाही ते बरोबर माहीत होतं. गीत संपलं तेव्हा त्यांची गाडी फाटकाबाहेर निघालेली होती.

माफी? मला? सर, तुम्ही कुणाला माफ करताय? बाजाराच्या दिवशी सानगडीला या. माझे बाबा असतील, दिघोरीचे ते आईबाप असतील, बाजारातले सगळे असतील. त्यांच्यासमोर उभं राहून सांगा, टेप का हलवू दिली नाही. सत्कार नको, शब्द टाकणं नको. उत्तर द्या.